जपानमध्ये बिऱ्हाड मांडताना: पहिल्या वर्षात काय, कधी आणि कसे करावे

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी टोकियोला गेलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात सगळे सोपे वाटते. गाड्या वेळेवर येतात, रस्ते स्वच्छ असतात, माणसे नम्र असतात आणि कुणी कशाला हरकत घेत नाही. खरी अडचण या शेवटच्या गोष्टीतच आहे. आपल्याकडे काही चुकले तर वॉचमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत कुणीतरी तिथल्या तिथे सांगते. जपानमध्ये चुकीची पिशवी कचऱ्यात गेली, रात्री दहाला मिक्सर लागला किंवा बैठकीत साहेबांना सगळ्यांसमोर अवघड प्रश्न विचारला, तरी समोरचा माणूस हसून मान लववतो. तीन आठवड्यांनी इमारतीच्या फलकावर, कुणाचेही नाव न घेता, "रात्रीच्या आवाजाबद्दल तक्रार आली आहे" असा कागद लागतो. म्हणून या देशात राहायला शिकण्याची सुरुवात दोन गोष्टींपासून करावी. समोरचा गप्प आहे म्हणजे त्याची संमती आहे असे धरू नये, आणि चूक होण्याआधी विचारावे. पुढची बरीचशी माहिती काय विचारायचे, कुणाला आणि कधी, याचीच आहे.

निघण्यापूर्वी

सर्वांत आधी आपले नाव नीट लावून घ्या. मराठी माणसाच्या पासपोर्टावर बहुधा स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते. जपानमधल्या निवासपत्रावर, म्हणजे झाइर्यू कार्डावर, पासपोर्टप्रमाणे आडनाव आधी आणि मग ही दोन्ही नावे एका ओळीत छापली जातात. बँक, विमा, फोन, निवृत्तिवेतन या सगळीकडे हेच नाव काताकाना लिपीत लिहावे लागते. काताकानात "ळ" नाही, "ल" आणि "र" एकच आहेत, "व" दोन प्रकारे लिहिता येतो आणि "पाटील" किमान तीन प्रकारे. बँकेत एक रूप आणि कंपनीत दुसरे लिहिले गेले, तर पगार जमा होत नाही, क्रेडिट कार्डाचा अर्ज परत येतो आणि निवृत्तिवेतनाच्या दोन वेगळ्या नोंदी तयार होतात. जपानी शिकवणाऱ्या कुणाकडून निघण्याआधीच एक रूप ठरवून घ्या, कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक अर्जावर तेच उतरवा.

भाषेच्या बाबतीत मराठी माणसाची तयारी त्याला वाटते त्याहून जास्त असते. जपानी वर्णमालेचा क्रम आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. बौद्ध धर्माबरोबर तिथे पोचलेल्या संस्कृत वर्णमालेतून तो आला. वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि विभक्तीचे काम नामामागे लागणारे छोटे शब्द करतात. इंग्रजी बोलणाऱ्याची "त्सु" म्हणताना जीभ अडते, पण तो आपल्या "चूल"मधला च आहे. मराठी माणूस चुकतो ते दीर्घ स्वरात. ओबासान म्हणजे मावशी-काकूच्या वयाची बाई आणि ओबाआसान म्हणजे आजी. आपण बोलताना ऱ्हस्व-दीर्घ सैल सोडतो, तिथे तसे चालत नाही. हिरागाना ४६ आणि काताकाना ४६ अक्षरे रोज अर्धा तास दिला तर चार आठवड्यांत येतात. विमानात बसण्याआधी निदान काताकाना तरी यायलाच हवी, कारण दुकानातल्या पाटीवरचा निम्मा मजकूर परक्या शब्दांचा, म्हणून त्याच लिपीत असतो.

औषधांचा नियम कडक आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधे एक महिन्याची आणि दुकानात सहज मिळणारी दोन महिन्यांची, इतकीच परवानगीशिवाय नेता येतात. जास्त हवी असतील तर प्रवासाआधी अर्ज करून युन्यू काकुनिन-शो हे आयात-पत्र घ्यावे लागते. ज्या सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त आहे त्यांना बंदी आहे, आणि अ‍ॅम्फेटामिनची औषधे चिठ्ठी असूनही चालत नाहीत. प्रत्येक पट्टीवरचे मूळ घटक वाचा. ताजा कढीपत्ता, फळे, रोपे आणि मांसाचे पदार्थ सामानात नकोत. मसाले सीलबंद पाकिटातले न्या.

भारतातली कंपनी तुम्हाला पाच वर्षांपर्यंतच्या कामासाठी पाठवत असेल, तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून कव्हरेज सर्टिफिकेट मागा. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. त्यामुळे जपानी निवृत्तिवेतनाची दुहेरी वर्गणी टळते. जपानी कंपनीत थेट नोकरी धरणाऱ्याला ही सवलत नाही.

पहिले चौदा दिवस

मोठ्या विमानतळांवर उतरताच झाइर्यू कार्ड हातात मिळते. १६ वर्षांवरील प्रत्येकाने ते घराबाहेर पडताना जवळ ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, त्याची छायाप्रत चालत नाही. पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्ड किंवा शहर कार्यालयात, म्हणजे कुयाकुशो किंवा शियाकुशोत, जाऊन तेन्न्यू तोदोके, म्हणजे पत्ता नोंदवण्याचा अर्ज, भरा. कार्डाच्या मागे पत्ता लिहून मिळतो. त्याच खेपेला जुमिनह्यो, म्हणजे रहिवासी दाखला, दोन-तीन प्रती मागून घ्या. फोन, बँक, घर सगळीकडे तो लागतो. १२ आकडी माय नंबर टपालाने घरी येतो, त्यामुळे टपालपेटीवर आपले आडनाव काताकानात लावा. नाव नसेल तर पत्र परत जाते.

इथे एक साखळी अडते. घरासाठी फोन नंबर लागतो, फोनसाठी बँक खाते लागते आणि खात्यासाठी घराचा पत्ता आणि फोन. ती सोडवायची ती अशी: कंपनीच्या निवासाचा किंवा महिन्याने मिळणाऱ्या सुसज्ज घराचा पत्ता आधी नोंदवा, मग भारतीय क्रेडिट कार्डावर मिळणारे सिम घ्या, मग खाते उघडा. महिन्याच्या सगळ्याच घरांवर पत्ता नोंदवू देत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी विचारा. बऱ्याच बँका सहा महिने होईपर्यंत नवख्याला पूर्ण खाते देत नाहीत. त्या मुदतीत कंपनीचा पगार ज्या बँकेत होतो तिथे किंवा टपाल बँकेत, कंपनीचे पत्र घेऊन जावे.

आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून सक्तीचा आहे. कंपनी शाकाइ होकेन या नोकरदारांच्या विम्यात घालते, नाहीतर वॉर्ड कार्यालयात कोकुमिन केन्को होकेन हा राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यायचा. उपचाराच्या खर्चातले ३० टक्के तुमचे. ताप-खोकल्यासाठी थेट मोठ्या रुग्णालयात जाऊ नका. चिठ्ठीशिवाय गेल्यास तिथे निदान ७,००० येन वेगळे आकारतात. आधी गल्लीतले क्लिनिक गाठावे. तिथून मिळालेली औषधाची चिठ्ठी चारच दिवस चालते, हे बरेच जण विसरतात.

घर आणि त्याचा खरा खर्च

१ लाख येन भाड्याचे घर घेताना हातात किती लागतात ते आधी मांडून बघा. शिकिकिन, म्हणजे अनामत, १ लाख. रेइकिन, म्हणजे मालकाला द्यायची आणि परत न मिळणारी भेट, १ लाख. दलाली करासह १ लाख १० हजार. हमी देणाऱ्या कंपनीचे ५० हजार. आगीचा विमा आणि कुलूप बदलणे मिळून ४० हजारांच्या आसपास. पहिल्या महिन्याचे भाडे १ लाख. एकूण ५ लाख येन, आणि घर रिकामे. बहुतेक घरांत गॅसची शेगडी, दिवे आणि पडदेही नसतात. शिवाय दर दोन वर्षांनी करार नवा करताना एक महिन्याचे भाडे जाते.

परदेशी माणसाला घर नाकारणारे मालक आजही आहेत. त्यात दिवस घालवण्यापेक्षा यू-आर या सरकारी गृहसंस्थेची घरे पाहा. तिथे रेइकिन नाही, दलाली नाही, हमीदार लागत नाही आणि करार नवा करण्याचा आकार नाही. दोन महिन्यांची अनामत आणि उत्पन्नाचा पुरावा इतकेच लागते. टोकियोच्या एदोगावा आणि कोतो वॉर्डांत भारतीय कुटुंबे वाढली त्याला अशी घरे हे एक कारण आहे. निशी-कासाइच्या परिसरात किराणा, शाळा आणि ओळखीची माणसे मिळतात. पहिल्या वर्षासाठी ती सोय मोठी आहे. पण पाच वर्षे तिथेच राहून ज्यांना जपानीत पत्ता विचारता येत नाही अशी माणसेही तिथेच भेटतात, हे लक्षात ठेवून जागा निवडा.

गॅस दोन प्रकारचा असतो, तोशी गॅस म्हणजे नळाचा आणि प्रोपान म्हणजे टाकीचा. एकाची शेगडी दुसऱ्यावर लावणे धोक्याचे आहे. जुनी शेगडी विकत घेताना तिच्यावरची चिठ्ठी वाचा. गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस येतो आणि तुम्ही घरी असावे लागते, म्हणून राहायला जाण्याच्या आठवडाभर आधी वेळ ठरवा. वीज १०० व्होल्टची आहे. भारतातला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे रडत फिरतो. त्याला दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो मिक्सरच्या दुप्पट ताकदीचा हवा: ७५० वॉटला १,५०० वॉट. भिंतीतल्या एका सॉकेटची मर्यादाही १,५०० वॉटच असते, तेव्हा त्याच सॉकेटवर दुसरे काही लावू नका. कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा, स्टीलचा न्या. साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिथल्या इंडक्शन शेगडीवर तापतच नाही.

किल्ली हातात आल्याच्या दिवशी, सामान आत जाण्याआधी, प्रत्येक भिंत, जमीन, ओटा, न्हाणीघर यांचे तारखेसह फोटो काढा आणि व्यवस्थापन कंपनीला मेल करा. घर सोडताना गेंजो काइफुकु, म्हणजे घर पूर्ववत करण्याचा खर्च, अनामतीतून कापतात आणि मराठी स्वयंपाकघरात तो बराच निघतो. हळदीचा डाग ओट्याच्या सांध्यात बसतो. फोडणीचे तेलकट कण भिंतीच्या कागदावर चिकटतात आणि वर्षभरात तो पिवळा होतो. उपाय साधे आहेत. शेगडीमागच्या भिंतीला आणि पंख्याच्या जाळीला १०० येनच्या दुकानात मिळणारे अ‍ॅल्युमिनियमचे आवरण लावा आणि दर महिन्याला बदला. पंखा फोडणीच्या दहा मिनिटे आधी सुरू करा आणि नंतर अर्धा तास चालू ठेवा. झोपण्याच्या खोलीचे दार बंद ठेवा, कारण धूर ओळखणारा गजर तिथे असतो. धूप-उदबत्तीही त्या गजराखाली लावू नये. मालकाने भिंतीच्या पूर्ण कागदाचे पैसे मागितले, तर सरकारच्या मार्गदर्शक सूत्रांत भिंतीच्या कागदाचे आयुष्य सहा वर्षे धरले आहे आणि त्यानंतर त्याची किंमत १ येन उरते, हे दाखवा. तीन वर्षे राहिलात तर नुकसानभरपाई साधारण निम्म्याची. हे सूत्र माहीत नसलेला माणूस मुकाट्याने सगळे भरतो.

कचरा

कचरा ही जपानी शेजाराची पहिली परीक्षा आहे. प्रत्येक वॉर्डाचे वेळापत्रक आणि यादी वेगळी असते. इंग्रजी प्रत वॉर्ड कार्यालयात पत्ता नोंदवतानाच मागा आणि फ्रिजवर लावा. मोएरु गोमी म्हणजे जळणारा, मोएनाइ गोमी म्हणजे न जळणारा, शिगेन म्हणजे पुन्हा वापरायचा: बाटल्या, डबे, काच, कागद. टोकियोच्या २३ वॉर्डांत पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक पिशवी चालते. इतर बऱ्याच शहरांत ठरवलेली, विकत घ्यायची पिशवीच लागते.

पिशवी ठरलेल्या दिवशी सकाळी आठच्या आत ठेवायची, आदल्या रात्री नाही. रात्री ठेवलेली पिशवी पहाटे कावळे फाडतात आणि सांडलेले कुणीतरी न बोलता उचलते. पिशवीवर जाळे नीट ओढा. ओला कचरा, विशेषतः चहाचा चोथा आणि भाज्यांची साले, घट्ट पिळून कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या बाटलीचे बूच आणि वेष्टन काढा, बाटली धुवा, दाबा. तळणाचे तेल नळीत ओतू नका. ते गोठवणारी पूड किराणा दुकानात मिळते. तेल गरम असतानाच ती घालून ढवळायची, बहुधा ६०० मिलिलिटरला एक पुडी. थंड झाल्यावर तेलाची घट्ट वडी सुटून येते आणि जळणाऱ्या कचऱ्यात जाते. तेल गार झाल्यावर पूड घातली तर ती विरघळत नाही आणि नुसता चिखल होतो.

२३ वॉर्डांत एका बाजूने ३० सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी वस्तू म्हणजे सोदाइ गोमी. तिच्यासाठी फोनवर किंवा वेबसाइटवर तारीख घ्यायची, कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, २०० किंवा ३०० येनचे स्टिकर विकत घ्यायचे आणि चिकटवून ठेवायचे. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी मात्र वॉर्ड नेतच नाही, त्यांचे पुनर्वापराचे शुल्क वेगळे भरावे लागते. म्हणून परत जाणाऱ्या ओळखीच्याने "घेऊन जा, फुकट" म्हणून दिलेला दहा वर्षांचा फ्रिज घेताना तो टाकण्याचा खर्चही आपल्याच गळ्यात येतो हे समजून घ्या.

पिशवीवर लाल किंवा पिवळे स्टिकर लावून ती तशीच सोडली असेल, तर ती निमूटपणे घरी न्या, वेगळी करा आणि योग्य दिवशी ठेवा. तिथेच पडू दिली तर नाव तुमचेच होते, कारण आतल्या पाकिटावर पत्ता असतो.

शेजार

राहायला गेल्यावर तीन दिवसांत दोन्ही बाजूंच्या, वरच्या आणि खालच्या घरी जाऊन ओळख करून द्या. ५०० ते १,००० येनची बंद भेट पुरते: हातरुमाल, बिस्किटांचा डबा, कपडे धुण्याची पूड. घरचे लाडू नेऊ नका. अनोळखी माणसाच्या हातचे खाणे त्यांना संकोचाचे वाटते आणि घटक माहीत नसतात. लहान मुले असतील तर तेव्हाच सांगा: "मुले आहेत, आवाज झाला तर कृपया सांगा." हे वाक्य फार काम करते, कारण त्यांनी तक्रार करण्याआधी तुम्हीच वाट मोकळी केलेली असते. एकटी राहणारी मुलगी असेल तर सुरक्षिततेसाठी ही भेट टाळली तरी कुणी वावगे मानत नाही.

रात्री नऊ ते सकाळी सात मिक्सर, वॉशिंग मशीन, खलबत्ता बंद. इडलीचे पीठ संध्याकाळी वाटून ठेवा. मिक्सरखाली घडी घातलेला टॉवेल आणि मुलांच्या खोलीत जोडून बसवायच्या फोमच्या चटया घाला. लाकडी इमारतीत आवाज भिंतीपेक्षा जमिनीतून जास्त जातो. मायदेशी फोनवर बोलताना आपला आवाज नकळत चढतो. वेळेच्या साडेतीन तासांच्या फरकामुळे पुण्यात रात्रीची जेवणे आटोपतात तेव्हा तिथे मध्यरात्र उलटलेली असते, म्हणून खिडकी आधी लावा. गाडीत फोनवर बोलणे नाही.

घरात शिरताना चप्पल काढायची सवय आपल्याला आहेच. फरक इतकाच की गेनकानमधली, म्हणजे दारातल्या जागेतली, खालची पायरी ही बाहेरची जमीन. तिच्यावर मोज्यांनी पाय ठेवून तोच पाय आत आणू नका. काढलेली पादत्राणे टोक दाराकडे करून ठेवा. शौचालयाच्या सपाता तिथेच सोडा, आणि तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, कुठल्याच सपाता नकोत.

शाकाहार

"व्हेजिटेरियन" या शब्दावर विसंबू नका. मांस नको म्हटले तर मासा चालेल असे धरले जाते, आणि मासा नको म्हटले तरी दाशी येतेच. दाशी म्हणजे बहुधा बोनितो माशाच्या वाळलेल्या कापांचे पाणी. मिसो सूप, सोबा-उदोन या शेवयांचा रस्सा, भाज्यांची उकड, सॅलडवरचा रस, सगळ्याच्या तळाशी ते असते. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: "निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन", मांसही नाही आणि मासाही खाता येत नाही. लगेच पुढे: "दाशी वा हाइत्ते इमासु का?", यात दाशी आहे का? हीच वाक्ये जपानीत छापलेले कार्ड वेटरच्या हातात दिले तर तो आत जाऊन स्वयंपाक्याला दाखवतो आणि खरे उत्तर आणतो. बौद्ध मठांतल्या शोजिन र्योरी या जेवणात कांदा-लसूणही नसतो आणि रस्सा कोम्बु या समुद्री शेवाळाचा व मशरूमचा असतो. "शोजिनसारखे" म्हटले की वयस्कर माणसाला तुमचे पथ्य पटकन कळते.

पाकिटावर बीफ, पोर्क किंवा चिकन "एकिसु" म्हणजे अर्क, "राआदो" म्हणजे डुकराची चरबी आणि "झेराचिन" म्हणजे जिलेटिन हे काताकानातले शब्द शोधा. पाव, चिप्स, बाजारातल्या करीच्या तयार वड्या यांत ते हमखास सापडतात. करीच्या वड्यांत गोवंशाची चरबीही बऱ्याचदा असते. अंडे, दूध, गहू, शेंगदाणा यांचा अ‍ॅलर्जीसाठी उल्लेख सक्तीचा आहे. मांस आणि जिलेटिन यांचा तसा उल्लेख केवळ शिफारशीचा आहे, तेव्हा अ‍ॅलर्जीच्या उल्लेखात नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, पूर्ण यादी फोनच्या कॅमेऱ्याने वाचा.

वरणभाताला तिथला तांदूळ उत्तम. आंबेमोहोर खाणाऱ्याला तर तो लवकर आवडतो, फक्त पाणी तांदळाच्या सव्वापटीपेक्षा जास्त नको. बिनसाखरेच्या दह्याचे विरजण चांगले लागते. पोळ्यांचे पीठ भारतीय दुकानातूनच घ्या, साधे जपानी गव्हाचे पीठ मैद्यासारखे असते.

कामाच्या ठिकाणी

इथली सगळ्यांत मोठी गफलत "हाइ" या शब्दावर होते. बोलताना समोरचा दर वाक्याला "हाइ, हाइ" म्हणतो तेव्हा तो "ऐकतोय" म्हणतो, "मान्य" नाही. उलट बाजूने, आपली मान डोलावण्याची सवय त्यांना कळत नाही, ती नकारासारखी दिसते. मान सरळ खाली लववा. "मुझुकाशिइ देसु", अवघड आहे, म्हणजे नाही. "केन्तो शिमासु", विचार करू, म्हणजे बहुधा नाही. आपल्याकडच्या "बघू" आणि "करू की" इतकीच ही पक्की भाषा आहे, फक्त परकी असल्यामुळे आपण ती शब्दशः घेतो आणि दोन आठवडे उत्तराची वाट पाहत बसतो.

आपली चूक उलट दिशेने होते. मुदत जमणार नाही हे दिसत असूनही आपण "होऊन जाईल" म्हणतो. तिथे ते वचन धरले जाते. होरेनसो, म्हणजे होकोकु, रेनराकु, सोदान: अहवाल देणे, कळवणे, सल्ला घेणे. काम अडकले की त्याच दिवशी, उपाय सापडायच्या आधी, कळवा. उशिरा आलेली चांगली बातमी आणि वेळेवर आलेली वाईट बातमी यांत दुसरीची किंमत जास्त.

नवी कल्पना बैठकीत पहिल्यांदा मांडू नका. बैठक निर्णय जाहीर करण्यासाठी असते, तो आधीच झालेला असतो. त्याला नेमावाशी म्हणतात, झाड हलवण्याआधी मुळांभोवती खणणे. तीन पावले पुरतात. ज्यांचे काम बदलणार आहे त्या प्रत्येकाला वेगळे भेटून एका पानाचा मसुदा दाखवा. त्यांची हरकत मसुद्यात घाला. मग साहेबांना दाखवा आणि बैठकीत मांडावे का ते विचारा. हे टाळून सगळ्यांसमोर मांडलेली चांगली सूचनाही थंड पडते, कारण कुणाला तरी न कळवता पेचात पकडलेले असते. आणि प्रश्न विचारल्यावर चार-पाच सेकंद शांतता आली तर ती भरू नका, तो विचार करतो आहे.

वेळ म्हणजे पाच मिनिटे आधी. गाडी उशिरा आली तर स्टेशनवर चिएन शोमेइशो हा दाखला मिळतो, तो घ्या. दुसऱ्याच्या आडनावाला आदरार्थी सान लावा, स्वतःच्या कधीच नाही. संध्याकाळी निघताना "ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु", तुमच्या आधी निघतो, माफ करा, असे म्हणा. नोमिकाइत, म्हणजे कचेरीतल्यांच्या पिण्याच्या बैठकीत, दारू न पिणाऱ्याने उलोंग चहा मागवावा, पण पहिल्या कानपाइच्या, म्हणजे सगळ्यांनी पेले उंचावण्याच्या, आधी पेल्याला ओठ लावू नये. सुट्टीवरून येताना सगळ्या विभागाला पुरेल अशी, एकेक तुकडा वेगळ्या वेष्टनात असलेली भेट आणा. चिक्कीच्या वड्या त्यासाठी उत्तम.

पैशाचे दोन उशिरा येणारे धक्के

जुमिनझेइ, म्हणजे रहिवासी कर, मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर पुढच्या जूनपासून कापतात आणि तो करपात्र रकमेच्या सुमारे १० टक्के असतो. पहिल्या वर्षी तो नसतो. मग जूनमध्ये पगार अचानक घटतो आणि लोक कंपनीकडे धाव घेतात. पहिल्या पगारापासूनच तेवढी रक्कम बाजूला टाका. तो १ जानेवारीला जपानमध्ये पत्ता असलेल्याला लागतो, त्यामुळे फेब्रुवारीत परत जाणाऱ्यालाही भरावा लागतो.

दुसरे निवृत्तिवेतन. निदान सहा महिने वर्गणी भरलेल्याला देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागता येतो, जास्तीत जास्त पाच वर्षांच्या हिशोबाने. नोकरदारांच्या योजनेत त्यातून २०.४२ टक्के कर कापतात. तो परत मागायला जपानमधला कर-प्रतिनिधी निघण्याआधी नेमावा लागतो. परतावा घेतला की ती वर्षे भारत-जपान करारातल्या, दोन्ही देशांतली वर्षे एकत्र धरणाऱ्या मोजणीतून जातात, म्हणून आधी दोन्ही बाजूंचा हिशोब करा.

भूकंप आणि पूर

पत्ता नोंदवतानाच वॉर्डाचा धोका-नकाशा घ्या. एदोगावाचा सुमारे ७० टक्के भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. मोठ्या पुराच्या वेळी वॉर्डातच थांबू नका, बाहेर जा, असे तिथला २०१९ चा नकाशा स्पष्ट सांगतो. तेव्हा कुणाकडे जायचे ते आजच ठरवा. माणशी दिवसाला ३ लिटर पाणी, निदान तीन दिवसांचे, घरात असू द्या. कपाटे भिंतीला अडकवा. मोठ्या हादऱ्यात गॅसचे मीटर आपोआप बंद पडते. सगळ्या शेगड्या बंद करून मीटरचे बटण दाबा आणि तीन मिनिटे थांबा, दुरुस्तीवाल्याला बोलावायची गरज नाही. रुग्णवाहिका आणि आग ११९, पोलीस ११०.

घरी राहणारा जोडीदार आणि सण

साधारण चौथ्या महिन्यापासून नवलाई ओसरते. नोकरी करणाऱ्याला निदान कचेरी असते. अवलंबित व्हिसावर आलेल्या जोडीदाराला दिवसभर घर आणि फोन. यासाठी पहिल्याच महिन्यात दोन अर्ज करा. एक, परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते, तो अर्ज इमिग्रेशन कार्यालयात. दोन, वॉर्डाच्या स्वयंसेवकांचा जपानी वर्ग, जिथे फी नाममात्र असते आणि शिकवणाऱ्या निवृत्त बायका पुढे दवाखान्यातही बरोबर येतात. मुले असतील तर बालभत्त्याचा अर्ज पत्ता बदलल्यापासून १५ दिवसांत करा, उशीर झालेल्या महिन्यांचे मिळत नाही. सरकारी प्राथमिक शाळेत परदेशी मुलाला फी नाही. शाकाहारी डबा घरून द्यायचा असेल तर एप्रिलमध्ये शाळा सुरू होण्याआधी मुख्याध्यापकांशी बोला.

गणपतीत मूर्तीचा प्रश्न येतोच. जपानमध्ये माती आणायला बंदी आहे, म्हणून शाडूची मूर्ती सामानात टाकण्याआधी वनस्पती-तपासणी विभागाला विचारा. त्यापेक्षा १०० येनच्या दुकानातली कागदी माती आणून मुलांकडून घरीच मूर्ती करून घ्या. आरतीला टाळ चालतात, पण नऊच्या आत, आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून. नदीत किंवा समुद्रात विसर्जन नको. घरी बादलीत करा, लगदा गाळून घट्ट पिळा, आणि तो कुठल्या दिवशी ठेवायचा ते फ्रिजवरच्या यादीत पाहा. खरी माती असेल तर वॉर्डाची गाडी ती नेत नाही, ती सज्जातल्या तुळशीच्या कुंडीत घाला.